गुंतवळाचा अंबाडा

नोकरी लागली तर धाकट्या सुनेच्या हातात स्वतःचा पगार येणार होता आणि चपलेच्या अंगठ्यासाठीही सासूपुढे हात पसरणं सुटणार होतं. अडचण एकच होती. दुकान केस दाट करणाऱ्या शांपूचं, आणि हिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी.

"विकतचं गंगावन कशाला? घरचं आहे की," म्हणत सासूबाईंनी माळ्यावरून डबा काढला. घरातल्या सगळ्या बायकांच्या कंगव्यातलं गुंतवळ त्यांनी वर्षानुवर्षं त्यात साठवलं होतं. झाकण उघडताच खवट तेलाचा भपकारा आला. सुनेने तोंड फिरवलं. तरी तिने त्याचा गोळा केला, वरून आपले विरळ केस ओढून घेतले आणि अंबाडा घातला.

दुकानदाराने विचारलं ना पुसलं, सरळ अंबाड्यात बोटं घातली. गोळा बाहेर आला. आता हा हाकलणार, असं तिला वाटलं. त्याने बोटं हुंगली, पँटला पुसली आणि खुशीत म्हणाला, "झकास. उद्यापासून ये. ही आपल्या शांपूची करामत म्हणून सांगायचं. फक्त पिना घट्ट लाव, बायका दाबून बघतात."

बायका दाबतातच. घामट हातांनी चाचपून म्हणतात, "केवढा गं भरगच्च," आणि बाटली घेऊन जातात.

दुकानदाराचा गल्ला भरला, सासूबाईंना जन्मभर ऐकवायला एक उपकार मिळाला. गिऱ्हाइकं पैसे देऊन मोकळी झाली. सुनेला पगार मिळतो. पण घास तोंडाशी नेला की तोच खवट वास येतो, आणि ताट ती तसंच सरकवते.