राहिलेली अर्धी चाल

पणजोबांनी पुस्तके बांधली, आजोबांनी बांधली, वडिलांनीही बांधली. आणि तिघांनी घरात एकच कायदा चालवला. शिवताना पानांची एक जुडी जरी मागेपुढे झाली, तरी सगळा दोरा उसवायचा आणि पहिल्या पानापासून पुन्हा शिवायचे. चुकीवर पुठ्ठा चढवून ते पुस्तक गिऱ्हाइकाच्या माथी मारणे या घरात चोरीइतके हीन मानले जाई. चौथ्या पिढीतल्या धाकट्याने हा कायदा इतक्या निष्ठेने पाळला, की त्यापायी तो जन्मभर एकटा पडला.

सोळाव्या वर्षी त्याने जुन्या बाजारातून मानेला चीर गेलेली एक गिटार आणली आणि पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे लपवली. वडिलांच्या हाती ती लागायची ती लागलीच.

"हे खोकं कुणाचं?"

थोरली बहीण पुढे झाली. "माझं."

वडील तिच्याशी महिनाभर एक शब्द बोलले नाहीत. अबोला सुटला तेव्हा तिने भावाला गाठले. "तुझ्यापायी महिनाभर भिंतीशी बोलले. हे ऋण आहे, लक्षात ठेव. आई तावांच्या घड्या घालताना गुणगुणायची ना, ती चाल मला अथपासून इतिपर्यंत ऐकव. मग तू मोकळा."

आई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

धाकट्याला गुरू नव्हता. हजारो पुस्तके त्याच्या हाताखालून गेली, पण गिटार शिकवणारे एकही कधी बांधायला आले नाही. सुईदोऱ्याने बोटांना घट्टे आधीच पडले होते, एवढीच काय ती तयारी. कानाने शोधत शोधत त्याने चाल जुळवली. मात्र एक सूर घसरला की हात थांबे आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बहीण सासरी निघाली त्या दिवशी त्याने अकरा वेळा सुरुवात केली. शेवटी दारातली गाडी भोंगा वाजवू लागली.

"अर्धी राहिली हं," ती जाता जाता म्हणाली. "तुझी चाल म्हणजे शेवटची पानं फाटलेली कादंबरी."

एकदा तो चार वादकांत जाऊन बसला. सूर चुकला तसा तो एकटाच आरंभाला परतला. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. ते हसले. पुन्हा तो कुणाबरोबर बसला नाही. लग्नही राहून गेले. पुस्तकबांधणीच्या कारखान्यावरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसे, दुसरीवर गिटार.

बहिणीला शहात्तरावे लागले तेव्हा तिचा फोन आला. "डावा कान गेलाय, ठाऊकच आहे तुला. मंगळवारी उजव्यातली गाठ काढणार. डॉक्टर म्हणाले, गाठीबरोबर कानही जाणार. रविवारी दुपारी येते. बाकी तयार ठेव."

रविवारी ती जिना चढून आली. गिटारची खुर्ची त्याने तिला दिली.

नवव्या सुराला बोट घसरले. त्याने पुन्हा आरंभ केला. पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा हात मागे वळतो आहे असे दिसताच तिने काठी जमिनीवर आपटली.

"खबरदार, मागे गेलास तर!"

"चुकलं ना, ताई."

"मग चुकू दे! मी काय पुस्तक आहे, उसवून पुन्हा शिवायला? मंगळवार माझा आहे, तुझा नाही. पुढे हो."

वडिलांच्या कायद्याविरुद्ध बोट पुढे सरकवायला त्याला जो धीर लागला, तो जवळजवळ साठ वर्षांत त्याने एकवटला नव्हता. सूर घसरत होते. तो पुढे जात होता. शेवटाआधी क्षणभर थांबायची एक जागा होती. तिथे ताई पुटपुटली, "इथे आई दोरा दाताने तोडायची." मग त्याने उरलेले सूर वाजवले. अखेरचा सूर खोलीत विरला.

तिने उजव्या कानातले ऐकण्याचे यंत्र काढले आणि डबीत ठेवून झाकण लावले.

"आता यानंतर दुसरं काही ऐकायचं नाही मला. फिटलं, धाकट्या. पुरतं फिटलं."

तो काहीतरी म्हणाला. ते तिला ऐकू गेले नाही.