दानात गेलेलं मशीन

मी नेब्युलायझर बोलतोय. नाव जड आहे, ठाऊक आहे मला. अंबरनाथमध्ये या नावाने मला कुणी कधी हाक मारली नाही. जनाबाई मला 'वाफेचं मशीन' म्हणते आणि तिची नातवंडं 'घर्रघर्र'. माझा आवाजही तसाच आहे, खरखरीत. बटण दाबलं की शेजारच्या खोलीतला माणूस वैतागून टीव्ही मोठा करतो. तेव्हा बोलण्यात गोडवा शोधू नका. ज्याचा श्वास अडकलाय त्याला औषधाची वाफ पोचवणं एवढंच माझं काम, आणि तेच आज माझ्या हातून होत नाहीये.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, हितेशच्या औषधाच्या दुकानात. वरच्या फळीवर, डायपरच्या गठ्ठ्यामागे मी चार महिने पडून होतो. एका दुपारी दोन बायका धावत आल्या. धाकटीच्या खांद्यावर वर्षाचं पोर होतं. त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती आणि बरगड्यांच्या मधे दर श्वासाला खड्डा पडत होता.

"भाभी, डरना मत. पोराला सरळ धरा, आडवं नका करू. आई, तुम्ही स्टूलवर बसा," हितेश म्हणाला. डॉक्टरची चिठ्ठी त्याने एका नजरेत वाचली, खोका टराटरा फाडला, पंख्याची पिन काढून माझी लावली. दहा मिनिटांत पोराने डोळे उघडले आणि काउंटरवरच्या चॉकलेटच्या बरणीकडे बोट दाखवलं. हितेश हसला. म्हातारी मात्र तिथेच ढसाढसा रडली. ती जनाबाई, धाकटी तिची सून माया, आणि पोर म्हणजे सम्यक. मी त्याच दिवशी त्यांचा झालो.

अंबरनाथला त्यांचं दोन खोल्यांचं घर. जनाबाईचा मुलगा सुयोग आनंदनगरच्या एका कंपनीत केमिस्ट होता. माणूस सरळ, मेहनती. घरात दारू नाही, आरडाओरडा नाही. दर रविवारी सकाळी तो विहारात लहान मुलांचा धम्मवर्ग घ्यायचा. वस्तीतली चाळीस-चाळीस पोरं त्याच्यासमोर गप्प बसायची. त्याची स्वतःची मुलगी मित्रा, तेव्हा चार वर्षांची, सगळ्यात पुढे बसून पंचशील म्हणायची.

मला या घराने मान दिला, खोटं कशाला बोलू? जनाबाई माझा मास्क गरम पाण्याने धुवायची आणि वर्तमानपत्रावर पालथा वाळत घालायची. कुणी मला जमिनीवर ठेवलं की तिचा पारा चढायचा. "अरे, देवाधर्माचं काही मानत नाही मी, पण ह्याला पाय लावू नका!" असं ती ओरडायची. वारा फिरला, हवा गार झाली, कुणाच्या घरी रंगकाम निघालं की सम्यकची छाती भरायची. मग जनाबाई त्याला मांडीवर घ्यायची आणि माझ्या आवाजाबरोबर हळूहळू डुलायची. चार वर्षं हे चाललं. त्या पोराचा श्वास मी त्याच्या बापापेक्षा जास्त जवळून ऐकलाय.

याच चार वर्षांत सुयोगने एक ध्यास घेतला होता. ज्या संस्थेचं धम्माचं काम तो करायचा, ती संस्था काही कुटुंबांना परदेशी पाठवत असे. हंगेरीत रोमा लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांनाही गावाने कडेलाच ठेवलेलं. तिथे राहायचं, मुलांची शाळा चालवायची, धम्म सांगायचा. सुयोगने पुस्तकं आणली, मोबाइलवर ती भाषा शिकायला घेतली. भात कालवता कालवता तो हंगेरियनमध्ये आकडे म्हणायचा आणि मित्रा त्याच्यामागून. "माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती," तो म्हणायचा. "आपल्याला कुणीतरी येऊन सांगितलं म्हणून आपण माणसात आलो. आता सांगायची पाळी आपली." तो माणूस ढोंगी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. ढोंगी असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

दोनदा त्याचं नाव मागे पडलं. तिसऱ्यांदा फॉर्म आला.

रविवार होता. सकाळी सम्यकला त्रास झाला होता, मी दोनदा चाललो होतो. माझी टाकी अजून कोमट होती, मास्क टेबलावर वाळत होता. सुयोग विहारातून आला, हातपाय धुतले, आणि मास्क बाजूला सरकवून तिथेच फॉर्म पसरला. त्या दिवशी वर्गात त्याने मुलांना चौथं शील शिकवलं होतं. खोटं बोलणार नाही, याची शपथ. मित्रा आल्यापासून तेच गुणगुणत होती.

नावं, वयं, शिक्षण, सगळं त्याने भराभर लिहिलं. एका ओळीवर पेन थांबलं. कुटुंबात कुणाला दीर्घ आजार आहे का? खाली बारीक अक्षरात टीप होती, की मोठं हॉस्पिटल गावापासून गाडीने तासाभरावर आहे, तेव्हा लहान मुलं निरोगी असलेल्या कुटुंबांचाच विचार होईल. सुयोगने माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग लिहिलं, 'नाही'.

सात वर्षांची मित्रा खांद्यावरून वाकून बघत होती. इंग्रजी शाळेतली पोर, तिला वाचता येत होतं. "बाबा, सम्यकला तर दमा आहे ना?"

"तो आजार नाही गं. ही इथली हवा आहे. तिकडे गेलं की आपोआप जाईल."

"मग हे खोटं नाही ना?"

"नाही. तू जा बघू, आजीने बोलावलंय."

आजीने बोलावलं नव्हतं. पोरगी स्वयंपाकघरात जाऊन तशीच परत आली.

त्या दिवसापासून घरात दम्याचं नाव निघेनासं झालं. पूर्वी कुणी आलं की जनाबाई कौतुकाने मला दाखवायची. आता बेल वाजली की माया मला उचलून कपाटात, साड्यांच्या खाली कोंबायची. एकदा संस्थेचे थोरले, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, चहाला आले. आतल्या खोलीत सम्यकला खोकल्याची उबळ आली. माया त्याला पोटाशी घट्ट धरून बसली. पोर लाल झालं, पण मला बाहेर काढायची तिची हिंमत होईना. बाहेर सुयोग मोठमोठ्याने बोलत राहिला. दादासाहेब खाली उतरल्यावरच माझी पिन लागली. सम्यकची नखं निळसर झाली होती.

"जीव घ्याल पोराचा!" जनाबाई कडाडली. "सरळ सांगून टाक ना त्यांना. नाही नेणार तर नाही नेणार. आभाळ कोसळतंय का?"

"आई, परत तोच विषय नको," सुयोग म्हणाला. "तीन वर्षं वाट पाहिलीय मी. तिथे चांगले डॉक्टर आहेत, स्वच्छ हवा आहे. मी काय त्याचा दुश्मन आहे?"

त्याच आठवड्यात तिकडचे फोटो आले. सगळे बर्फ बघून हरखले, माया म्हणाली, "अगंबाई, किती छान!" मी धुराड्यांकडे बघत होतो. एकेका घरातून लाकडाचा काळपट धूर निघत होता आणि थंडीने तो छपरांवरच बसून राहिला होता. माझ्यासारख्याला असा फोटो पाहून धडकी भरते. पण मला विचारतो कोण?

या वेळी त्याचं नाव लागलं आणि डिसेंबरात निरोप समारंभ झाला. विहार माणसांनी फुलून गेलं होतं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, खीर वाटली. दादासाहेब स्वतः त्यांच्याबरोबर जाणार होते, ते पहिल्या रांगेत बसले होते. सुयोग बोलायला उभा राहिला. "धम्माच्या कामाला निघालोय. चार बॅगा घेऊन जातोय, बाकी सगळा संसार दान केलाय," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मग त्याने टेबलामागून मला काढलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. "हे वाफेचं मशीन आमच्या आईच्या उपयोगाचं होतं. आजपासून ते वस्तीचं. कुणाच्याही लेकराला, म्हाताऱ्याला लागलं तर विहारातून न्या."

आईच्या उपयोगाचं! समोर बसलेली जनाबाई खाडकन मान वर करून बघत राहिली. चाळीस वर्षांत तिला साधा खोकला झाला नव्हता. पण विहारात, बुद्धमूर्तीसमोर, आपल्याच मुलाला खोटं पाडायचं? विहाराचे चिटणीस हरिचंद्र यांनी मला हातात घेतलं आणि सगळी सभा एका आवाजात म्हणाली, "साधु, साधु, साधु!"

नंतर मला विहाराच्या दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवलं, आणि शेजारच्या चपलांच्या रॅकजवळ मायाने सुयोगला गाठलं. "अहो, तेवढं मशीन परत घेऊ या. मी कपड्यांत गुंडाळून नेते."

"दिलेलं दान परत मागायचं? सगळ्यांसमोर दिलंय, माया. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. तुम्ही ते दिलंत कशाला?"

सुयोग वाकून स्वतःच्या चपला शोधू लागला. माया खाली बसून सम्यकच्या बुटाची नाडी बांधू लागली. तिने पर्समध्ये दोन छोटे इन्हेलर, म्हणजे श्वासाचे पंप, मोज्यांत लपवून घेतलेत, हे मला माहीत होतं. दोन इन्हेलर किती पुरणार? निघताना सम्यक कपाटाजवळ आला, काचेला नाक लावून म्हणाला, "घर्रघर्र, टाटा." मी बंद होतो. बंद मशीनला टाटाही करता येत नाही.

तेव्हापासून मी विहाराच्या कपाटात आहे. एका म्हाताऱ्या बाबांनी मला दोनदा नेलं, तेवढंच काय ते काम. जनाबाई रोज दुपारी विहार झाडायला येते. कपाट उघडून मला पुसते आणि बातम्या सांगते. "नवीन स्वेटर घेतला म्हणे सम्यकला. मित्राला शाळेत मैत्रीण मिळाली." गेल्या आठवड्यात पुसता पुसता तिचा हात थांबला. "मायाचा फोन आला होता रे. एक पंप संपलाय. दुसरा संपत आलाय. नवा घ्यायचा तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि डॉक्टर संस्थेचाच. सुयोग म्हणतो, थांब, हवामान बदलेल."

आज दुपारी, दीड वाजता, जनाबाईच्या हातात केरसुणी असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल. समोर मित्रा.

"आजी, सम्यकला होतंय."

मागून तो आवाज आला. मी लगेच ओळखला. शिट्टी नव्हती. शिट्टी असती तर मी म्हटलं असतं, अजून वेळ आहे. शिट्टी थांबून नुसती उचकी लागल्यासारखी धडपड चालली होती. हवा आत जायची थांबते तेव्हा असं होतं.

"पंप कुठाय गं? आई कुठाय?"

"पंप संपला. आई गाडी बघायला गेलीय रस्त्यावर. बाबा दुसऱ्या फोनवर हॉस्पिटलशी बोलतायत. आजी, त्याचे ओठ कसेतरीच दिसतायत."

जनाबाईने केरसुणी टाकली. कपाट उघडलं, मला काढलं, भिंतीपाशी बसून पिन खोचली. औषध नव्हतं, तिने बाटलीतलं पाणीच माझ्या टाकीत ओतलं. आणि काय करावं त्या बाईने? माझा मास्क फोनच्या काचेवर दाबून धरला, पलीकडच्या सम्यकच्या तोंडावर. "घे रे राजा, ओढ, ओढ श्वास," असं म्हणत ती डुलायला लागली. मी जिवाच्या आकांताने चाललो. काचेवर वाफ जमली आणि पोराचा चेहरा दिसेनासा झाला. तिने पदराने काच पुसली, परत मास्क धरला.

पलीकडे स्पीकरवर एका बाईचा आवाज येत होता, इंग्रजीतून. घाईघाईने ती काहीतरी विचारत होती. जनाबाईला त्यातले दोनच शब्द कळले, "अस्थमा" आणि "बिफोर". ती बाई परत विचारत होती, आधी कधी?

सुयोग दिसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून दादासाहेब उभे होते. सुयोगचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने एकदा दादासाहेबांकडे पाहिलं.

"नो," तो म्हणाला. "नो, नो. फर्स्ट टाइम."

"खोटं!" जनाबाई किंचाळली. "अहो बाई, खोटं बोलतोय तो! चार वर्षं झाली! वर्षाचा होता तेव्हापासून आहे!" पण ती मराठीत ओरडत होती, अंबरनाथच्या रिकाम्या विहारात, आणि ती बाई हजारो मैलांवर काहीतरी लिहून घेत होती.

मित्राने बापाकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ आणून हळूच विचारलं, "आजी, मी सांगू?"

जनाबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात सुयोगचा हात आडवा आला आणि फोन बंद झाला.

त्याला आता पाव तास झाला. जनाबाई परत परत नंबर लावतेय, कुणी उचलत नाही. माझ्या टाकीतलं पाणी संपलं, तरी तिने मला बंद केलेलं नाही आणि मी कोरडाच घरघरतोय. माझ्यात औषध नाही, मला पाय नाहीत, आणि माझी भाषा इथेही कुणाला कळत नाही. त्या खोलीत खरं माहीत असलेलं आणि इंग्रजी येणारं, बापाला सोडून, एकच माणूस आहे. ते आठ वर्षांचं आहे आणि त्याला बाबांना विचारल्याशिवाय बोलायची सवय नाही.

मित्रा, परवानगी मागू नकोस गं. सांग.