कोठीतली मूठभर मतं

मित्रांनो, कमळाबाईला कोणीतरी समजावा. कोठी ही बसायची जागा नव्हे. दुपारी मुलं पांगली की ती पाटावर पाय देऊन माझ्या झाकणावर चढते, पाय सोडते आणि तंबाखू मळता मळता माझ्या पोटावर टाचा आपटत बसते. वर मलाच नावं ठेवते, "कोठी म्हातारी झाली गो, करकरते." मी करकरत नाही, कण्हते. एवढ्या वर्षांत तिला तेवढा फरक कळू नये?

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. पनवेलच्या कडेला, वीटभट्ट्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर समाजमंदिराची एक खोली आहे. त्या खोलीत अंगणवाडी भरते आणि तिथल्या कोपऱ्यात माझा संसार आहे. माझा जन्म पनवेलच्या बाजारातला. ज्याने मला घडवलं तो पत्रेवाला हाताचा जड आणि जिभेचा गोड होता. जस्ताचा पत्रा वळवून, सांध्यांना डाग देऊन त्याने मला उभी केली, पोटावर एक थाप मारली आणि म्हणाला, "ही लेकीला लग्नात द्यावी अशी झाली." लग्नात नाही दिली. सरकारी कामाला दिली. पण ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. चांगलं बोलणारी माणसं आयुष्यात थोडीच भेटतात.

शिक्षण विचाराल तर माझं शिक्षण अ पासून ऐ पर्यंत झालं आहे. अंगणवाडीच्या सेविका सुनिताताई रोज पहिल्यापासून शिकवायला घेत, आणि ऐरावतापाशी पोचेपर्यंत चुलीवरची उसळ शिजे. वास सुटला की शाळा सुटे. ऐ च्या पुढे काय असतं ते मला ठाऊक नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही.

पोटात मात्र मी खूप काही सांभाळलं. गहू, चवळी, मटकी, मसूर. भट्टीवरच्या बायका पहाटे विटा थापायला जात आणि मुलं आमच्या दारात सोडत. काळू नावाचा एक पोरगा आल्याबरोबर मला मिठी मारायचा. आईची आठवण येते म्हणून नव्हे, माझा पत्रा गार लागतो म्हणून. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी माझ्यात हात घालून चवळी वर काढली आणि म्हणाले, "एक किडा नाही." त्या दिवशी माझा रुबाब बघायला हवा होता. पुढे सवयीची झाले. बूड गंजलं, कडी वाकडी झाली, कोणी विचारलं नाही. घरच्या म्हातारीचं होतं तेच.

आता ज्या गोष्टीने मला थकवलं ती सांगते.

आमच्या खोलीत दोघी काम करत. सुनिताताई सेविका. कमळाबाई मदतनीस, म्हणजे मुलं गोळा करणं, चूल पेटवणं, भांडी घासणं, नाकं पुसणं हे सगळं तिचं. राज्यभरच्या सेविकांची एक संघटना होती. तिचा सरचिटणीस म्हणजे मोठं माणूस. कोण सभासद, कोण नाही, याची राज्याची यादी त्याच्याकडे, आणि संघटनेतल्या सगळ्या निवडणुका घेणंही त्याच्याकडे. यादी ज्याच्या हाती, बाकीचे सगळे त्याच्या दारी. पुण्याच्या सुमतीबाई बरीच वर्षं त्या जागेवर होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या यादीत फक्त सेविका होत्या. मदतनीस नव्हत्या. ज्या हाताने उसळ ढवळली जाते तो हात त्यांना कधी दिसलाच नाही.

सुनिताताई म्हणाल्या, यंदा त्या जागेसाठी मी उभी राहते. निवडून आले तर पहिल्या महिन्यात मदतनिसांची नावं यादीत घालते.

कमळाबाई तेव्हा भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "ताई, माजं नाव दोनच ठिकानी हाय. एक रेशनकार्डावर आन् एक नवऱ्याच्या मयताच्या दाखल्यावर. तिसऱ्या ठिकानी लागलं त बरं होईल."

"लागेल," सुनिताताई म्हणाल्या.

"आन् मंग मला मत देता येईल?"

"येईल की."

"मंग मी तुमाला नाय देनार," कमळाबाई म्हणाली. "लय राबवता."

दोघी हसल्या. पण त्या दिवसापासून कमळाबाई पातेली जरा जास्तच लखलखीत घासू लागली.

मतदान सगळ्या राज्यात एकाच दिवशी होतं. प्रत्येक तालुक्याने आपलं घ्यायचं, तिथेच मोजायचं आणि आकडा पुण्याला फोनवरून कळवायचा. आमच्याकडे देखरेखीला चारुदत्त सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, अंगात इस्त्रीचा सदरा, एक हात सतत कमरेवर. एसटी स्टँडपासून जवळ आणि ऐसपैस म्हणून त्यांनीच आमची खोली ठरवली. सुनिताताई म्हणाल्याही, "सर, मी स्वतः उभी आहे, माझ्या खोलीत नको." सर म्हणाले, "मी आहे ना." मतपेटी म्हणून त्यांनी मला निवडलं, कारण मला कुलूप होतं. माझं मत कोणी विचारलं नाही. छिन्नी-हातोडा आणून माझ्या झाकणाला चीर पाडली. उभ्या आयुष्यात कोणाचा ओरखडा लागू दिला नव्हता मी.

धान्य पोत्यात काढायचं काम कमळाबाईला सांगितलं. तिने काढलं आणि तळाशी मूठभर गहू ठेवले. आमच्याकडची बाई कोठीचा तळ कधी खरवडत नाही. मूठभर ठेवते, म्हणजे घरातली बरकत उठून जात नाही. हे कोणी शिकवत नाही. हात आपोआप थांबतो.

सर डोकावले. "हे काय राहिलं?"

"ऱ्हाऊ द्या. कोठी रिकामी ठेवत नाय आमी."

"बाई, ही आता कोठी नाही, मतपेटी आहे. रिकामी दाखवावी लागते सगळ्यांना."

सगळ्या सेविका बघत होत्या. कमळाबाईने मुकाट्याने मूठ काढली आणि पदरात बांधली. माझा तळ उघडा पडला. दिवसभर ती दारातून आत बघत होती, घरातलं कोणी आजारी असल्यासारखी. तिला स्वतःला मत नव्हतंच. ती पाणी देत होती.

गुलाबी चिठ्ठ्या माझ्यात पडत राहिल्या. धान्य पडतं तेव्हा आवाज येतो. मतं पडतात तेव्हा काहीच येत नाही. मला ते बरं वाटलं नाही.

संध्याकाळी सेविका आपापल्या गाड्या पकडायला गेल्या. उमेदवाराने मोजणीला थांबू नये असा नियम होता, म्हणून सुनिताताई बाहेर पिंपळाच्या पारावर जाऊन बसल्या. सुमतीबाईंकडून कोणी आलंच नव्हतं. त्यांना निकालाची खात्री होती. सरांनी कुलूप उघडलं, वाकून बघितलं, कमरेला हात लावला आणि म्हणाले, "कमळाबाई, जरा तुम्हीच काढा. माझ्याने वाकवत नाही."

कमळाबाईने खांद्यापर्यंत हात घातला. ओंजळी ओंजळीने चिठ्ठ्या वर आल्या. आणि शेवटी, मित्रांनो, तिचा हात थांबला. तिने थांबवला नाही. सकाळपासून जो तळ तिला खुपत होता, त्या तळावर हाताने मूठभर चिठ्ठ्या राहू दिल्या आणि वर आला. हे तिला विचारून झालं नाही, मी साक्षीदार आहे.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. खोटं नव्हती बोलत.

सरांनी मोजलं. मत देताना घेतलेल्या सह्या जास्त भरल्या आणि चिठ्ठ्या कमी. सुनिताताईंना आत बोलावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कसं?" सर हसले. "बायका आहेत. सही केली आणि गप्पा मारत चिठ्ठी घेऊनच गेल्या असतील." वाकून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. कंबर त्यांची, पण मोडलं आमचं.

आठवड्याने निकाल आला. सुनिताताई राज्यात चौदा मतांनी हरल्या. एवढ्या मोठ्या राज्यात चौदा. त्या दिवशी त्यांनी मुलांना शिकवलं नाही, नुसतं गाणं म्हणून घेतलं. कमळाबाई म्हणाली, "जाऊ दे ताई. दोन ठिकानी हाय तेवढं पुरं."

माझ्या झाकणाची चीर उघडी होती. उंदीर शिरतील म्हणून धान्य पोत्यातच पडून होतं. पत्रेवाला डाग द्यायला येणार त्या सकाळी कमळाबाई मला पुसायला आली. चुलीवर मटकीची उसळ चढली होती. सुनिताताई अंगणात मुलांचं वजन करत होत्या. कमळाबाईने ओलं फडकं घेऊन हात खाली घातला आणि तिच्या बोटांना कागद लागला.

ती मूठ बाहेर आली तेव्हा मी तिचा चेहरा बघितला. तिला वाचता फारसं येत नाही, पण गुलाबी रंग कळतो. ती मटकन खाली बसली. मग तिने चुलीकडे बघितलं.

चूल चार पावलांवर होती. लाकूड छान धगधगलं होतं. चिठ्ठ्या आत टाकायच्या, फुंकर मारायची, संपलं. बघायला कोणी नव्हतं. मी होते, पण कोठीला साक्षीला कोण बोलावतं? तिने मूठ चुलीपाशी नेली. धग लागली म्हणून हात मागे घेतला. पुन्हा नेली. उसळीतलं पाणी आटत होतं. ती नुसती बसून राहिली. मग उठली आणि चिठ्ठ्या पदराखाली धरून अंगणात गेली. मागे उसळ करपली.

सुनिताताईंनी दाराशी उभ्या उभ्या चिठ्ठ्या उलगडल्या. बावीस होत्या. तीन सुमतीबाईंच्या, एकोणीस त्यांच्या स्वतःच्या. हिशेब मला येत नाही, पण माणसाचं तोंड वाचता येतं. त्या निवडून आल्या असत्या.

"कोणी ठेवल्या?"

"मीच. म्हंजे माज्या हातानं." कमळाबाईने तोच हात पुढे केला. "ताई, मारा मला."

सुनिताताईंनी मारलं नाही आणि जवळही घेतलं नाही. त्या बराच वेळ चिठ्ठ्यांना परत घड्या घालत बसल्या. मुलांनी त्या दिवशी करपली उसळ खाल्ली. काळूने ताट सारून दिलं.

दुसऱ्या दिवशी चारुदत्त सर आले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुनिताबाई, मी मानतो. पण पुण्याला कोण मानेल? मतदानानंतर इतक्या दिवसांनी, तुमच्याच खोलीत, तुमच्याच मदतनिसाच्या हाती, तुमच्याच नावाची मतं. उलट तुमच्यावरच डाग लागेल."

"सह्या जास्त होत्या, सर. तेव्हा तुम्ही म्हणालात बायका गप्पा मारत गेल्या."

सरांनी चिठ्ठ्या परत मोजल्या. कमळाबाई पुढे झाली. "माजा अंगठा घ्या. लिवा, कमळाबाईनं मूठ ठेवली."

"का ठेवली म्हणून लिहू?"

"कोठी रिकामी ठेवत नाय म्हनून."

सर हसणार होते, पण तिच्याकडे बघून हसले नाहीत. त्यांनी लिहिलं. तिने अंगठा दिला आणि कागद पुण्याला गेला. साऱ्या पनवेल तालुक्यात ती गोष्ट पोचली. बायका बसमध्ये एकमेकींना सांगत आणि पदर तोंडाला लावत. पुण्याहून एका ओळीचं उत्तर आलं, की निकाल जाहीर झालेला आहे. मदतनीस यादीच्या बाहेर राहिल्या त्या राहिल्याच.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुठेतरी मतं मोजायला बसाल. तेव्हा कंबर दुखते म्हणून सांगू नका. वाका. पेटीत डोकं घाला. कमी भरलं तर कोणाला हसून मोकळे होऊ नका, परत बघा. आणि तुमच्या घरात जी बाई रोज तुमचं ताट वाढते तिचं नाव कुठे लिहिलेलं आहे, हेही एकदा विचारा. पत्र्याला डाग देता येतो. माझ्या झाकणाला दिला, आता उंदीर शिरत नाही. बाकीच्याला काय द्यायचं ते मला ठाऊक नाही. मी थकले आहे.

काल नवीन गहू आले. कमळाबाई ते माझ्यात भरता भरता बोलू लागली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे माझ्याशीच. "जाळल्या असत्या त बरं झालं असतं. कोनाला कळलं नसतं. ताईचा जीव तरी दुसऱ्यांदा गेला नसता. आन् माजं असं जगात हसू झालं नसतं."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तिने झाकण टाकलं, ते वाजलं, आणि त्या आवाजात मी मोठ्याने सांगून टाकलं. तिला पोचलं की नाही, तिचं ती जाणे.

"कमळे, तू बावळट आहेस, हे मी कोणापुढेही सांगेन. पण साऱ्या राज्याची यादी कोणाच्या हाती द्यावी, असं मला कोणी विचारलं असतं, तर मी ना सुमतीचं नाव घेतलं असतं ना सुनिताचं. तुझं घेतलं असतं. चूल पेटलेली होती, कोणी बघत नव्हतं, आणि तू उसळ जळू दिलीस."