ताईचं कार्ड

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाचं कार्ड असतं. जाड पांढऱ्या कागदाचं, वर माणसाची दोन चित्रं छापलेली, एक पुढून आणि एक पाठमोरं. कुठे दुखतं तिथे मी लाल टिंब देते, सुई टोचली तिथे निळं, आणि शेजारी तारीख. लोक वैतागतात. "बाई, टोचा ना लवकर, चित्रकलेचा तास आहे का हा?" मी म्हणते, कार्ड नाही तर सुई नाही, जिना तिकडे आहे. माझं बोलणं असंच आहे. गोड बोलायला मी काही मिठाईचं दुकान उघडलेलं नाही, अॅक्युपंक्चरचा दवाखाना आहे माझा, कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावर दोन खोल्या.

कार्डाचा नियम माझ्या सरांचा. चिनी पद्धतीचं हे काम त्यांनी मला आठ वर्षं शिकवलं. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी कशी ऐकायची, जिभेचा रंग आणि थर कसा बघायचा, केसाएवढी सुई कातडीत कशी सोडायची की माणसाला कळूही नये. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता. "सुईने दुखणं थांबतं. का दुखत होतं, ते सुई सांगत नाही. कार्डावर एकाच जागी तीन लाल टिंबं पडली, की चौथ्यांदा सुई उचलायची नाही. सरळ डॉक्टरकडे धाडायचं, फोटो काढून या म्हणायचं."

मी कितीतरी जणांना असं हाकललंय. एका बस ड्रायव्हरला मुतखडा निघाला. एका शिक्षिकेच्या मणक्याजवळची गाठ वेळेत सापडली, ती अजून वर्षातून एकदा येऊन माझे हात हातात घेते आणि रडते. म्हणजे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून मला कुणी बिचारी म्हणायला नको.

ताईचं कार्ड नव्हतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, एक मुलगी, आणि कपडे लहान-मोठे करून देण्याच्या दुकानात शिलाई मशीनवर नोकरी. पँटची लांबी, झिपा, फाटलेले खिसे, दिवसभर वाकलेली. लहानपणापासून घरात हुशार ती, आणि मी म्हणजे नुसती कटकट. मी सुया शिकायला निघाले तेव्हा ती पोट धरून हसली होती. "स्वतःहून टोचून घ्यायला कोण येणार ग तुझ्याकडे? वेड लागलंय का लोकांना?" तेव्हापासून तिने माझं नाव टाचणी ठेवलं. पुढे दवाखाना चालला, लोक रांगेत बसू लागले, तरी ताई एकदाही वर आली नव्हती. मला ते सलायचं, आणि मी काही ते बोलून दाखवलं नाही.

मग एका नोव्हेंबरात, रविवारी दुपारी, ती जिना चढून आली. "टाचणे, पाठीत काहीतरी भरलंय. बघ तुझ्या सुयांना जमतंय का."

उजव्या खांद्याच्या पात्याखाली, दोन बोटं आतल्या अंगाला. मी बोटाने दाबलं तर म्हणाली, "तिथे नाही, अजून आत." अजून आत म्हणाली, हे मला आज शब्दाशब्दाने आठवतंय. मी म्हटलं, मशीनवर वाकून वाकून होणारच. पाठीत दोन, गुडघ्यामागे दोन, हातात एक अशा सुया लावल्या आणि दिवा बंद केला. वीस मिनिटांनी ती उठली, खांदा फिरवून बघितला आणि आ वासून माझ्याकडे बघत राहिली.

"गेलं ग! अगदी गेलं. तुझ्या हातात जादू आहे टाचणे."

पन्नाशीला आलेली बाई मी, पण त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. माझा हात ड्रॉवरकडे गेला होता, सवयीने. कार्ड बघून ताईने भुवया चढवल्या. "कार्ड? मी काय परकी आहे?" मी ओशाळून हसले आणि ड्रॉवर लोटून दिला. तेवढंच झालं. त्या एका ड्रॉवरवर सगळं अडलं होतं, पण तेव्हा मला वाटलं, बरोबरच बोलतेय ती.

मग ते आमचं ठरूनच गेलं. रविवारी मी चहा टाकायचा, तिने दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या, मग सुया. नाडी बघायची तर गप्प बसावं लागतं, दोघांनीही. आम्हा दोघींना एका खोलीत गप्प बसणं जन्मात जमलं नाही. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि ती बोलतच असायची. एकदा मी म्हटलं जीभ दाखव, तर तिने लहानपणी काढायची तशी नाक मुरडून काढली. जिभेवर पिवळा, जाड थर होता. मी बघितला. चहाचा असेल म्हटलं आणि हसत सुटले.

आधी सुयांचा आराम आठवडाभर टिकायचा. मग चार दिवस. मार्चपासून ती बुधवारीही यायला लागली. दुसऱ्या कुणाला मी खडसावलं असतं, अहो, आठवड्यातून दोनदा येताय, डॉक्टर मेलाय का? ताईसाठी मी सुया वाढवल्या. औषधी पाल्याची कांडी पेटवून पाठ शेकली. ती बारीक होत चालली होती, स्वतःचेच कपडे स्वतः टीप मारून दोनदा आत घेतले तिने. मी टोकलं तर म्हणाली, "या वयात फुकट बारीक होतेय, जळू नकोस." आणि दर वेळी सुया काढल्यावर तेच. "गेलं ग."

कार्ड असतं, तर डिसेंबर लागायच्या आत तीन लाल टिंबं पडली असती.

जूनमध्ये भाचीने आईचे डोळे दारातल्या उजेडात बघितले आणि किंचाळलीच. पिवळेजर्द झाले होते. दोन दिवसांत हॉस्पिटल, फोटो, रक्त, सगळं झालं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पसरली होती. ताईने विचारलं, "ते स्वादुपिंड कुठे असतं म्हणे?" आणि डॉक्टरने पोटावर नाही, मागे पाठीकडे बोट दाखवलं.

डॉक्टर तरुण होता, थकलेला, पण बोलायला मायाळू. "पाठ कधीपासून दुखतेय?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या पायाशी फाईल धरून उभी होते, भाची उशाशी.

"महिना झाला असेल," ताई म्हणाली.

एकतीस रविवार झाले होते. बुधवार वेगळे. मला तोंड उघडायचं होतं, एवढंच म्हणायचं होतं की नाही हो, नोव्हेंबरपासून. मी फाईल उघडून मिटली. डॉक्टर म्हणाला, "महिनाभर तर कुणीही अंगावर काढतं. सहा-आठ महिन्यांपूर्वी सापडलं असतं तर ऑपरेशनचा विचार करता आला असता, पण तेव्हा तुम्हाला काही त्रासच नव्हता. स्वतःला दोष देऊ नका." भाची माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "मावशी, निदान आपण उशीर नाही केला."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे मी केलं. माझा मलाच संताप येतो आजही.

संध्याकाळी भाची औषधं आणायला गेली तेव्हा मी ताईला विचारलं, "महिना का म्हणालीस?"

"मग काय सांगू? माझ्या बहिणीने सात महिने टोचलं म्हणून? उद्या तुझा जिना कोण चढेल?" मग जरा दम खाऊन म्हणाली, "आणि पोरीला यातलं काही बोलू नकोस. माझ्यामागे तिला तूच आहेस. तुझ्यावरचा जीव उडाला तर जाईल कुठे ती?"

"ताई, माझं चुकलं ग."

"मला काय कळत नव्हतं? कपडे मी आत घेत होते, तू नाही." आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी आणल्यावर ती अकरा आठवडे होती. शेवटी शेवटी गोळ्याही पुरत नव्हत्या. एक दिवस म्हणाली, "टोच." मी म्हटलं, आता नाही ग उपयोग. "टोच म्हणते ना." कुशीवर वळवून सुया लावल्या, त्याच जागी. पाठीत हाडांशिवाय काही उरलं नव्हतं, सुईला जागा मिळेना. वीस मिनिटांनी काढल्या आणि सवयीने विचारलं, "गेलं?"

"गेलं ग," ताई म्हणाली.

तिची मूठ घट्ट आवळलेली होती. नखं तळव्यात रुतली होती. तिला कणभरही बरं वाटलं नव्हतं, आणि ती मला गेलं म्हणत होती. आधीच्या किती रविवारी असंच म्हणाली असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात शिरला, तो अजून निघालेला नाही.

ती गेल्यावर तेरा-चौदा दिवसांनी मी दवाखाना उघडला. पहिलं काम केलं ते ताईचं कार्ड. पाठमोऱ्या चित्रावर, पात्याखाली, पहिलं लाल टिंब आणि नोव्हेंबरची तारीख. मग दुसरं. मग तिसरं. तिसऱ्याशी थांबले, उठले, पाणी प्यायले, परत बसले. एकतीस रविवार आणि तेरा बुधवार. एवढ्याशा चित्रात एवढी टिंबं मावेनात, एकावर एक पडत गेली, आणि कागदाला भोक पडलं. तारखा मागच्या बाजूला लिहिल्या. कार्ड ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवलं.

भाची येत राहिली. कुरिअरच्या गोदामात कामाला आहे, सुट्टी असली की यायची, माझ्याकडे जेवायची, आईचं बोलायची. मी काहीच बोलायची नाही. ताईने सांगितलं होतं ना, बोलू नकोस म्हणून. या आज्ञेमागे लपायला मला फार सोयीचं होतं.

मग चार महिन्यांनी, भर दुपारी, ती पाठीला हात लावत जिना चढून आली. मी काही विचारायच्या आत पलंगावर पालथी झाली, शर्ट वर सरकवला. "मावशी, टोच ग. खोकी उचलून उचलून पाठीचं भरीत झालंय. इथे बघ, आईचं दुखायचं ना, तिथेच जवळपास."

तिने हात मागे घेऊन जागा दाखवली.

"कधीपासून?"

"झाले तीन आठवडे. आईला कसं लगेच बरं वाटायचं तुझ्या सुयांनी. तशाच लाव."

खोकी उचलणारी तरुण पोरगी. स्नायू आखडला असणार, दहातल्या नऊ वेळा तोच असतो. पाच सुया लावल्या असत्या, हसत उठली असती, रात्री माझ्याकडे जेवली असती. मी ड्रॉवर उघडला आणि कोरं कार्ड काढलं.

ती मान वळवून हसली. "कार्ड कशाला? मी काय परकी आहे?"

आईचे शब्द, आईचाच सूर. मी स्टुलावर बसले. तिच्या पाठीच्या चित्रावर एक लाल टिंब दिलं, तारीख टाकली. मग खालचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

ती उठून बसली. आधी भोकाकडे बघितलं, मग उलटून तारखा वाचल्या. खाली किल्ली घासायचं मशीन घरघरत होतं.

"हे नोव्हेंबरपासून आहे."

"हो."

"आई महिना म्हणाली होती."

"हो."

"तू तिथेच होतीस, मावशी. फाईल धरून."

"हो."

"मी तुझ्या गळ्यात पडून म्हणाले की आपण उशीर नाही केला."

तिने शर्ट खाली ओढला, बूट घातले, नाड्या बांधायला तिला वेळ लागला. आईचं कार्ड तिने पिशवीत ठेवलं. दाराशी पोचली तेव्हा मी म्हटलं, "मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण डॉक्टरकडे जा. फोटो काढून घे. आजच जा."

ती वळली नाही. जिन्यावर पावलं वाजली आणि मशीनच्या आवाजात बुडाली.

मी फोन केले. तिने उचलले नाहीत. घरी गेले, तर शेजारीण आपल्या दाराआडून म्हणाली, नाहीये ती, आणि भाचीच्या घरातून नळाचा आवाज येत होता. आठ दिवस मी धड जेवले नाही. नवव्या दिवशी तिचा मेसेज आला. "फोटो काढला. काही निघालं नाही. स्नायू आहे. आता फोन करू नकोस."

मी तो मेसेज उभ्याउभ्याच वाचला, मग बसून वाचला. हुश्श झालं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. बाहेरच्या खोलीत लोक खोळंबले होते. मी भाचीचं कार्ड काढलं, लाल टिंबाशेजारी आजची तारीख टाकली आणि लिहिलं, डॉक्टरला दाखवलं, सुई दिली नाही. मग दार उघडून पुढच्या माणसाला आत घेतलं.