काळ्या कोटावर पांढरं

पाणी बदललंत आणि कोणाला सांगितलं नाहीत. तुम्हीच, नळाला पाणी सोडणारे. तलाव आटत आला तसं जमिनीखालचं जड, क्षाराचं पाणी त्याच पाइपात ढकललंत. बिल मात्र तारखेला पाठवलंत. त्या बिलाच्या पत्त्यावर, एका दोन खोल्यांच्या घरात काय झालं ते आता ऐका.

तिने टीव्हीच्या काळ्या काचेवर बोट फिरवलं आणि ते नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. बोटाला पांढरी पूड लागली होती, पिठाहून बारीक.

“हे काय आहे?”

“धूळ.”

“धूळ मातकट असते. कालच पुसलाय मी टीव्ही. ही राख आहे.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात लोंबकळून नुकताच आला होता. बुटाची नाडी सोडता सोडता तो थांबला.

“तू विचारतेयस की सांगतेयस?”

“डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं? घरात कोणी सिगारेट ओढतं का? आणि तू खाली बघितलंस.”

“चिमणीने माझ्या बुटावर पाणी सांडलं म्हणून बघितलं! खाली बघायलाही परवानगी काढायची का आता?”

चिमणी म्हणजे त्यांची चार वर्षांची मुलगी. ती जन्मली त्या दिवशी त्याने खिशातलं सिगारेटचं पाकीट दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं आणि पुन्हा हात लावला नव्हता. निदान या उन्हाळ्यापर्यंत तरी बायकोचा तसा विश्वास होता. मग चिमणीला खोकला लागला. कोरडा, ढास लागल्यासारखा. शेवटी छातीतून बारीक शीळ ऐकू यायची आणि ती शीळ आली की दोघंही हातातलं काम सोडून जागच्या जागी थिजायची.

“आणि तुझा खडू?” तो म्हणाला.

ती एका दुकानासाठी घरी काळे कोट शिवायची.

“दिवसभर काळ्या कापडावर खडू घासतेस, ब्रशने झटकतेस. पांढरं कोण उडवतं या घरात? माझ्या नावाने शंख करण्याआधी स्वतःचं टेबल बघ.”

“खडू आजचा आहे का? चिमणीच्या जन्माआधीपासून शिवतेय मी.”

“मग मी आजचा आहे का?”

तिने बोटावरची पूड पदराला पुसली. तिने त्याचे शर्ट हुंगून पाहिले होते. खिसे, हेल्मेट, जेवणाचा डबासुद्धा. कशालाच वास नव्हता. त्यामुळे तिचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच होता. हुशार झालाय, असं तिला वाटलं होतं.

“आई, ढग लाव,” आतून चिमणी म्हणाली आणि खोकली.

ढग म्हणजे तिच्या पलंगाजवळचं पांढरं मशीन. गेल्या हिवाळ्यात तिचा घसा सुकायचा तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ते पाणी उकळत नसे. पाण्याचं बारीक धुकं करून हवेत सोडत असे. तेव्हा त्याने आराम पडला होता, म्हणून रात्री ते लावायची सवयच झाली होती आणि खोकला सुरू झाल्यापासून ती ते दिवसभरही चालू ठेवायची. खोकला वाढला तसं तिने ते उशीजवळ सरकवलं.

ती टाकी भरायला मोरीत गेली. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरली होती. मागच्या आठवड्यात कात्रीच्या टोकाने खरवडून काढलेली, पुन्हा धरलेली. समोरच्या काकू कालच म्हणाल्या होत्या, “साबण फेसच धरत नाही गं हल्ली. आंघोळ करून बाहेर आले की वाटतं, आता आंघोळ करावी. केस तर बघ, केरसुणी झालीय नुसती.” ती हसली होती. पाणी असतं कधी कधी असं.

टाकी भरून तिने ढग लावला. बाहेर येऊन पाहते तर नवरा बॅग भरत होता.

“कंपनीच्या खोलीवर राहतो. मी नसताना खोकला थांबला तर मी चोर. मग म्हण काय म्हणायचं ते.”

“जा ना. कोण अडवतंय?”

तो गेला. तीही काही कमी हट्टी नव्हती. दुसऱ्या सकाळी तिने शिलाई मशीन, कापड, खडू, ब्रश, सगळं उचलून काकूंच्या गॅलरीत नेऊन ठेवलं.

“भांडलात वाटतं?” काकूंनी विचारलं.

“नाही हो. इथे उजेड बरा आहे.”

गॅलरीत उजेड नव्हता. काकूंनी कुंड्या सरकवून मशीनला जागा करून दिली.

चार दिवस गेले, खोकला थांबला नाही. दुपारी चिमणी झोपली की ती तिच्या पाठीवर तळवा ठेवून बसायची. हात उचलला तर श्वासही थांबेल, असं काहीतरी मनात यायचं आणि हात तिथेच राहायचा, मुंग्या येईपर्यंत. पलीकडे ढग संथपणे धुकं सोडत असायचा.

तयार झालेला एक कोट तिने घरी आणून पलंगाजवळच्या खुर्चीला अडकवला होता. आज दुकानाचा माणूस न्यायला येणार होता. घडी घालायला तिने तो उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पुढची बाजू करडी दिसत होती. तिने कोट उलटा केला. मागची बाजू कुळकुळीत काळी होती.

पुन्हा पुढची. पुन्हा मागची.

खडू घरात नव्हता. नवराही नव्हता.

तिने कोट होता तसाच परत खुर्चीला अडकवला आणि त्याच्या पाठीमागे उभी राहून तो जिकडे तोंड करून होता तिकडे पाहिलं. समोर ढग होता. धुक्याची बारीक रेघ सरळ कोटाकडे येत होती. येताना ती उशीवरून येत होती. चिमणीच्या मिटलेल्या पापण्यांच्या केसांवर काहीतरी पांढरं होतं.

तिने प्लग ओढला. टाकी उचकटून आत बोट घातलं. नळाच्या तोंडाशी होती तीच खपली. धुक्यातलं पाणी सुकत होतं आणि पाण्यातलं ते मागे उरत होतं. टीव्हीवर, कोटावर, पापण्यांवर. आणि आत, जिथे ओलं फडकं पोचत नाही तिथेही.

तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. मग पाण्याच्या ऑफिसला फोन लावला.

“पाणी तपासलेलं आहे मॅडम. पिण्यास योग्य.”

“ते नाही विचारत मी. पाणी बदललंय का?”

“उन्हाळा आहे ना. बोअरचं मिसळतोय थोडं.”

“कधीपासून?”

“झाले असतील दोन-तीन महिने.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे, मॅडम?”

संध्याकाळी नवरा आला. दारातच उभा राहिला, बूट घालून.

“चिमणीचं औषध,” त्याने पिशवी पुढे केली.

तिने पिशवी घेतली नाही. कोट आणून त्याच्यापुढे धरला, आधी पुढून, मग मागून. नंतर ढगाची टाकी त्याच्या हातात दिली. त्याने नखाने आतली खपली खरवडली, नख उजेडात धरून पाहिलं. मशीन उघडून दोष शोधायची सवय असलेला माणूस. त्याला सांगावं लागलं नाही.

“म्हणजे मी नव्हतो.”

“नव्हतास.”

“आणि तुझा खडूही नव्हता.”

“नव्हता. मीच लावत होते रे. खोकली की अजून जवळ सरकवत होते.”

त्याने टाकी खाली ठेवली. बूट काढून आत गेला. चिमणी जागी झाली होती. “बाबा!” करून तिने दोन्ही हात वर केले. तो वाकला आणि अर्ध्यातच सरळ झाला. तोंडावर हात धरून मोरीत गेला, नळ सोडला आणि चुळा भरत राहिला. बराच वेळ.

बाहेर आला तेव्हा ती कोट हातावर घेऊन मोरीच्या दारात उभी होती. त्याने खिशातून पाकीट काढून त्या कोटावर ठेवलं.

“काल घेतलं,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “तू म्हणतच होतीस. म्हटलं, निदान खरं तरी होऊ दे.”

पाकीट फोडलेलं होतं. आतली एकच कमी होती.

तुमचं पाणी पिण्यास योग्य आहे, मान्य. ते प्यायलेल्यांबद्दल मी विचारतच नाही. चार वर्षं न ओढलेली ती एक सिगारेट त्याला कोणी ओढायला लावली? बायकोने? त्याने स्वतः? की तुम्ही? सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणता ना? मग आता विचारलंय. उत्तर द्या.