दोर सुटला तो दिवस

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, पण रेणापूरकडच्या लिंबाजीच्या गावात त्या साली हंडाभर पाण्याचीही पंचाईत होती. दुष्काळी कामसुद्धा बंद पडलं, तेव्हा चुलतभाऊ मारोती त्याला रत्नागिरीला घेऊन आला आणि स्वतः राबत होता त्याच मच्छीमार लाँचवर खलाशी म्हणून लावून दिलं.

"भिऊ नको. मी हाय ना," मारोती म्हणाला.

तिसऱ्याच दिवशी वारा उठला. जाळं ओढताना दोराचं टोक लिंबाजीनं आवळून धरायचं होतं. लाँच एका अंगावर कलली, पाणी छातीवर आदळलं आणि त्यानं दोर सोडून डोलकाठीला मिठी मारली. दोर सर्रकन पळाला. मारोतीचा हात त्यात सापडून कप्पीपर्यंत ओढला गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"कसं झालं रे?" लाँचचा म्होरक्या असलेल्या तांडेलानं विचारलं.

"माझाच हात निसटला," मारोती म्हणाला.

लिंबाजी ऐकत उभा राहिला.

त्यानंतर मारोती बंदरावर डाव्या हातानं मासळी निवडायला बसू लागला. लिंबाजी त्याच्यासमोर जेवायला बसेना. काही ना काही निमित्त काढून उठायचा. लाँचवर मात्र दुसरे टाळायचे ती कामं तो अंगावर घ्यायचा. भीती गेली नव्हती. ओकाऱ्या काढत काढतच तो राबायचा.

माघात एकदा जाळं लाँचच्या बुडाखालच्या पंख्यात गुरफटलं. इंजिन बंद पडलं आणि लाटा लाँचला खडकांकडे ढकलू लागल्या. कुणी काही म्हणायच्या आत लिंबाजीनं कमरेला दोर बांधला, कोयती घेतली आणि उडी टाकली. पोहणं गावच्या विहिरीत शिकलेलं. लाँचच्या बुडाचे दोन टोले डोक्यात बसले. तिसऱ्या बुडीला जाळं तुटलं.

वर ओढल्यावर तांडेलानं त्याची पाठ थोपटली. "घाट्या, वाघ निघालास की!"

सगळे हसले. लिंबाजीला ते सोसेना.

"वाघ कशाचा? त्या दिवशी दोर म्या सोडला. दादाची बोटं माझ्यापायी गेली."

तांडेलाचा हात पाठीवरून खाली आला. त्यानं इंजिन सुरू करून लाँच बंदराकडं वळवली.

मारोती धक्क्यावर कोळंबी निवडत होता. लिंबाजी उभ्यानंच म्हणाला, "समदं सांगितलं म्या तांडेलाला."

मारोतीनं मान वर केली नाही. "लई दिवस लावलास."

मग टोपली त्याच्याकडं सरकवून म्हणाला, "पाडव्याला गावाकडं जाऊ. माझ्या मायलाबी तूच सांग."

"हाव," लिंबाजी म्हणाला आणि त्याच्यासमोर बसून कोळंबी निवडू लागला.