पोटातूनच न्यायचं

शिकाऊ गाडी मागे घेताना खांबाला घासली आणि तरी मास्तरीण ओरडली नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे शिकणाऱ्या गृहस्थांच्या लक्षात आलं. ते निवृत्त न्यायाधीश होते. जन्मभर दुसऱ्यांना झापलेला हा माणूस गेले काही आठवडे रोज सकाळी तिच्याकडून मुकाट्यानं झापून घेत होता.

"खांबाला लागली, बाई," त्यांनी आपणहून गुन्हा कबूल केला.

"कुठल्या? मला दोन दिसतायत," म्हणत ती डोळे चोळायला लागली.

गावातल्या निम्म्या लोकांना तिनंच गाडी शिकवलेली, म्हणून ती सगळ्यांचीच मास्तरीण. नवराही लाडात आला की तिला त्याच नावानं हाक मारायचा. सातवा महिना संपत आला होता, पण तिनं काम सोडलं नव्हतं. शेजारच्या सीटवर बसायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तोंड चालवायचं, यात कसले आलेत कष्ट, असं ती म्हणायची. मात्र दोन-तीन दिवस पाय चपलेत मावत नव्हते, डोकं ठणकत होतं, आणि आता डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"गाडी माझ्या आत्याच्या दवाखान्याकडे घ्या," ती म्हणाली. "दुसऱ्या गिअरवर घ्या, पण घ्या."

न्यायाधीशांनी चक्क तिसरा टाकला, आणि कुठेही न घासता गाडी दारात उभी केली.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची धाकटी बहीण. गावातलं एकुलतं एक प्रसूतिगृह तिचं. ते उघडलं तेव्हा तिथे जन्मलेलं पहिलं बाळ ही मास्तरीणच. आई लहानपणीच गेली, त्यामुळे वेणी घालण्यापासून ते कान पिळण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलेलं. बाळंतपण आत्याकडे होणार, हे इतकं गृहीत होतं की घरात त्यावर कधी बोलणंसुद्धा झालं नव्हतं.

आत्यानं रक्तदाब मोजला. पट्टा काढला, दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा मोजला. लघवी तपासायला पाठवली. पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून बाळाची मापं घेतली, ती पुन्हा घेतली. मग खुर्ची ओढून भाचीच्या उशाशी बसली.

"नीट ऐक. तुझा रक्तदाब फार चढलाय. त्यामुळे बाळाला रक्त कमी पोचतंय, म्हणून ते वयाच्या मानानं लहान राहिलंय. किलोच्या आसपास असेल. यावर खरा इलाज एकच, बाळंतपण. ते फार दिवस लांबवता येणार नाही."

"मग कर ना. तू आहेस की."

"इथे नाही," आत्या म्हणाली.

तोवर मास्तरणीचा नवरा चष्म्याचं दुकान तसंच उघडं टाकून धावत आला होता, आणि मागोमाग तिचे वडीलही. 'इथे नाही' हे त्यांनी दारातच ऐकलं.

"इथे नाही म्हणजे?" वडील कडाडले. "अख्ख्या गावाची बाळंतपणं केलीस, आणि घरच्या पोरीची वेळ आली तर हात वर करतेस?"

"दादा, हात वर करत नाहीये. तिच्यासाठी मी खूप काही करू शकते, आणि ते आत्ता करणारच आहे. पण बाळ बाहेर आल्यावर त्याला श्वास कोण देणार? माझ्याकडे दिवस भरलेली बाळं होतात. ती रडतात, मी पुसून आईजवळ देते. हे बाळ रडेलच असं नाही."

"मग नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नेऊ. अर्ध्या तासावर आहे. तिथला डॉक्टर तुझाच मित्र आहे ना? अशा बाळांना ठेवायची काचेची पेटी आहे त्यांच्याकडे, मी डोळ्यांनी पाहिलीय."

आत्यानं वाद घातला नाही. सरळ मित्राला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मित्र उत्साहात म्हणाला, "पाठव की, पेटी रिकामीच आहे."

"रिकामी आहे, हीच तर काळजी आहे," आत्या म्हणाली. "किलोभराच्या बाळाला तू शेवटचं कधी सांभाळलंस? आणि रात्रभर त्याच्याजवळ कोण बसेल?"

आता मित्र वेगळ्याच आवाजात म्हणाला, "खरं सांगू? माझी पोरगी असती तर मी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेली असती. तिथे रोज अशी बाळं येतात. त्यांचा हात बसलाय."

"बाळ झाल्यावर नेता येणार नाही का?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"येईल," आत्या म्हणाली. "पण एवढ्याशा जिवाला थंडी वाजली, धक्के बसले, नळी हलली, तर गाडीत काय करणार? त्याला न्यायला आईच्या पोटाइतकी चांगली गाडी नाही. पोटातूनच न्यायचं."

मग आत्याचे हात भराभर चालू लागले. रक्तदाब उतरवायचं औषध दिलं. झटके येऊ नयेत म्हणून एक औषध सलाईनमधून सुरू केलं. त्यानं अंगात आग आग झाली, तशी मास्तरणीनं आत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे पर्यायानं स्वतःच्याही. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून एक इंजेक्शन टोचलं. दुसरं उद्या, शहरात. मोठ्या हॉस्पिटलला फोन करून बाळासाठी जागा आहे ना, हे आत्यानं आधी विचारलं; आईच्या खाटेचं नंतर. तिकडून होकार आल्यावरच अँब्युलन्स बोलावली.

वडील व्हरांड्यात पाठ फिरवून उभे होते. "मी येत नाही," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही ठरवलंच आहे."

अँब्युलन्समध्ये मास्तरीण डाव्या कुशीवर, तिच्याजवळ आत्या, आणि पुढे चालकाशेजारी नवरा. गाव मागे पडलं नाही तोच मागून आवाज आला, "भाऊ, क्लचवर पाय ठेवून चालवताय. प्लेटा जळतील."

चालकानं आरशातून पाहिलं. "ताई, तुम्ही आराम करा."

"माझं डोकं दुखतंय, कान शाबूत आहेत. काढा पाय."

नवऱ्यानं चालकाला हलकेच सांगितलं, "काढा. ती बोलतेय तोवर सगळं ठीक आहे."

नदीच्या पुलापाशी रस्ता फुटतो. डावीकडे मित्राचं हॉस्पिटल, समोर शहराचा लांबलचक रस्ता. नेमकं तिथेच मास्तरणीचं डोकं पुन्हा भयंकर ठणकू लागलं आणि तिचा आवाज बंद झाला. आत्यानं गाडी कडेला घ्यायला लावली, रक्तदाब मोजला, औषध वाढवलं. तेवढ्यात वडिलांचा फोन आला. आत्यानं तो भाचीच्या कानाला लावला.

"पोरी, अजून वेळ गेलेली नाही. डावीकडे वळा. वाटेत काही झालं तर मी काय करू?" त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, घाबरलेला होता.

मास्तरणीनं आत्याकडे पाहिलं. "पोचू?"

"पोचू," आत्या म्हणाली. "वाटेतलं सांभाळायला मी आहे. पोचल्यावरचं सांभाळणारे तिथेच आहेत."

"बाबा," ती फोनवर म्हणाली, "मी सगळ्यांना एकच शिकवते, चौकात मन बदलायचं नाही. आम्ही सरळ चाललोय. तुम्ही जेवून घ्या आणि उद्या या." मग डोळे मिटूनच म्हणाली, "चला भाऊ. आणि पहिल्या गिअरमध्ये उचला."

मोठ्या हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयारच होतं. ताब्यात घेणारी डॉक्टर आत्याच्या निम्म्या वयाची होती. आत्यानं औषधं, वेळा, मोजमापं सगळं धडाधड सांगितलं. तरुण डॉक्टरनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "पहिलं इंजेक्शन तुम्ही देऊन आणलंत, आमचं मोठं काम झालं. आता तुम्ही बाहेर बसा, मॅडम."

आजवर प्रसूतीच्या खोलीतून आत्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. ती बाहेर आली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भाचीच्या नवऱ्याशेजारी बसली, आणि दार हललं की उठून उभी राहू लागली. "बाहेर बसायची सवय नाही मला," ती म्हणाली. नवऱ्यानं चहाचा कप तिच्या हातात दिला आणि तिला खाली बसवलं.

डॉक्टरांनी शर्थ करून बाळंतपण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांबवलं. दुसरं इंजेक्शन झालं. मग मात्र बाळाचे ठोके मंदावू लागले, तसं लगेच ऑपरेशन केलं. शेजारच्या टेबलाशी बाळाची माणसं वेगळी उभी होती: एक डॉक्टर श्वासासाठी, एक हाताखाली, एक नर्स फक्त ऊब राखायला. मुलगी झाली. किलोलाही थोडी कमी. ती रडली नाही, मांजरीच्या पिल्लासारखा एक आवाज तेवढा काढला. लगेच तिला गळ्यापर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, नाकावर हवेची बारीक नळी बसवली, आणि आईला क्षणभर दाखवून आत नेलं.

वडील सकाळीच येऊन बसले होते. काचेतून नात पाहिली आणि ते हादरलेच. "पिशवीत? आपली पोर पिशवीत घातलीय?"

"ओल्या अंगाला थंडी वाजू नये म्हणून, आजोबा," तिथली थोरली नर्स म्हणाली. "पेटीत ऊब धरली की काढतो. ही इथली मोठी गिऱ्हाईक आहे, तिच्याहून लहान दोन आहेत आत."

वडील बराच वेळ काचेशी उभे राहिले. आत एक नर्स दोन बाळांत मिळून होती; एकीकडून वळली की दुसरीकडे, पण तिथून हलायची नाही. यंत्र वाजलं की हात आधी पोचायचा, नजर मागून. ते बहिणीजवळ येऊन बसले. माफीबिफी मागितली नाही. "तू काही खाल्लंस का?" एवढंच विचारलं. आत्या म्हणाली, "नाही." मग दोघं खाली उपाहारगृहात गेली आणि तिथेही पैसे कोणी द्यायचे यावरून भांडली.

पुढचे आठवडे सरळ गेले असं नाही. एका दुपारी नवरा पेटीशी बसला असताना बाळाचा श्वासच थांबला, रंग काळवंडला, यंत्र कोकलायला लागलं. नर्सनं पेटीच्या खिडकीतून हात घातला, बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली. बाळानं दचकून श्वास घेतला.

"विसरते ती कधीकधी," नर्स म्हणाली. "या वयात विसरायचंच. आठवण करून द्यायला आम्ही आहोत."

मास्तरीण या सगळ्यात निराळीच निघाली. सगळ्यांना सूचना देणारी बाई इथे नर्सच्या शब्दाबाहेर गेली नाही. हात कोपरापर्यंत धुवायचे, धुतले. दूध काढायचं, काढलं. ते नळीतून थेंबाथेंबानं लेकीच्या पोटात जाताना बघत बसायचं, बसली. श्वास स्थिरावल्यावर बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. यंत्रावरचे आकडे आपसूक सुधारले. पहिल्यांदाच तिला सूचना द्यायला काही नव्हतं. ती फक्त म्हणाली, "अगं, केवढी गरम आहे ही."

नवऱ्याची खरी परीक्षा डोळ्यांच्या तपासणीला झाली. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचा पडदा कधीकधी बिघडतो, हे चष्मेवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळं रडून घ्यायचं ते त्यानं आदल्या दिवशी जिन्यात उभं राहून घेतलं, आणि तपासणीच्या वेळी कोरड्या डोळ्यांनी लेकीचा पाय धरून उभा राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरनं दिवा बाजूला केला. "पडदा चांगला वाढतोय. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा." पुढच्या खेपेलाही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, "आता कशाला येता?"

वजन दुपटीच्या पुढे गेलं, बाळ स्वतः दूध ओढायला लागलं, तेव्हा घरी सोडलं. सगळ्यांना भेटून निघताना थोरल्या नर्सनं मास्तरणीला बजावलं, "आता तिची काळजी घ्या, पण धास्ती घेऊ नका. ती आपलं काम शिकलीय."

घरी पहिल्या दुपारी बाळ झोपलं आणि खोलीत काहीच वाजेना. इतके दिवस कानांना यंत्रांची सवय झालेली. ती शांतता नवऱ्याला सोसेना. तो दर थोड्या वेळानं येई, वाकून बाळाच्या नाकाखाली बोट धरी, जाई, पुन्हा येई. आत्या दवाखाना आटपून आली, तिनं ते पाहिलं आणि हसू दाबत भाचीकडे वळली.

"तुला नाही भीती वाटत?"

"वाटते ना," मास्तरीण म्हणाली. "पण तिची छाती दिसतेय मला इथून. वर जातेय, खाली येतेय." मग नवऱ्याला म्हणाली, "तू जेव जा. आणि आत्यालाही वाढ."

तो गेला. आत्याही त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेली. मास्तरणीनं उशी सारखी केली, बाळाकडे तोंड करून आडवी झाली, आणि तिलाही गाढ झोप लागली.